सॅव्हॉय पाडलं, शब्द राहिला: मामा लू पार्क्स यांच्या तालमीचं प्रकरण

१९५८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं सॅव्हॉय बॉलरूम कायमचं बंद झालं. लेनॉक्स अव्हेन्यूवर, १४० आणि १४१ या रस्त्यांच्या मधे, १२ मार्च १९२६ ला सुरू झालेलं हे नाचघर बत्तीस वर्षं चाललं. जागा गृहसंकुलाला हवी होती. दारं बंद होताना सॅव्हॉयचे व्यवस्थापक चार्ल्स ब्युकॅनन यांनी तिथे होस्टेस म्हणून काम करणाऱ्या लू पार्क्स यांच्याकडे एक शब्द मागितला. इथला लिंडी हॉप, म्हणजे जॅझच्या तालावर जोडीने करायचा स्विंग नाच, मरू द्यायचा नाही आणि ‘हार्वेस्ट मून बॉल’ या स्पर्धेत हार्लेमची पोरं उतरत राहिली पाहिजेत. लू पार्क्स यांनी शब्द दिला आणि १९९० साली डोळे मिटेपर्यंत पाळला.

पुढे सगळे त्यांना ‘मामा लू’ म्हणू लागले. आपल्याला मामा म्हटलं की आईचा भाऊ आठवतो. तिकडे मामा म्हणजे आईच, आणि या बाईंच्या बाबतीत ते संबोधन शब्दशः खरं होतं.

या प्रकरणावर सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण स्विंग नाचाचा इतिहास जगभर ज्या साच्यात सांगितला जातो त्यात ही तीसेक वर्षं गायब असतात. १९३० च्या दशकात हार्लेममध्ये नाच बहरला, महायुद्धानंतर संपला, आणि १९८० च्या दशकात स्वीडन, इंग्लंड, कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तो पुन्हा जिवंत केला, अशी ती गोष्ट. नवख्यांना पहिल्याच तासाला हेच सांगतात, मीसुद्धा हेच ऐकलं. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्याखाली कोण दाबलं गेलं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मामा लू दाबल्या गेल्या. त्यांच्याकडे शिकलेली हार्लेमची कृष्णवर्णीय मुलं दाबली गेली. नाच मेलाच नव्हता तर तो कुणी जिवंत केला, हा प्रश्न मला फार दिवस छळतोय.

सॅव्हॉयमध्ये मुलं शिकायची कशी

मामा लूंनी काय टिकवलं हे कळायला आधी सॅव्हॉय कळलं पाहिजे. तिथे शिकवणीचा वर्ग नव्हता, फळा नव्हता, फी नव्हती. तरी ती शाळा होती.

पुढे नावाजलेल्या लिंडी नर्तकी झालेल्या नॉर्मा मिलर यांचं घर सॅव्हॉयच्या पाठीमागेच होतं. लहानपणी त्या घराच्या लोखंडी जिन्यावर बसून समोरच्या खिडक्यांमधून नाचणाऱ्यांच्या हलत्या सावल्या बघायच्या. बाजाचा आवाज घरातच यायचा. १९३२ च्या ईस्टरच्या रविवारी ही बारा वर्षांची पोर सॅव्हॉयच्या बाहेर फूटपाथवर नाचत होती. ‘ट्विस्टमाउथ जॉर्ज’ नावाने ओळखला जाणारा त्या काळचा एक नामांकित नर्तक आला, त्याने तिला पाहिलं आणि हात धरून थेट आत, फरशीवर नेलं. नॉर्माबाई २०१९ साली, नव्व्याण्णव वर्षांच्या असताना गेल्या. अखेरपर्यंत त्या ही आठवण सांगत राहिल्या.

लिंडीचे दुसरे नामवंत नर्तक फ्रँकी मॅनिंग यांचं वेगळं. त्यांचा जन्म १९१४ चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा, पण लहानपणीच ते हार्लेमला आले. आई स्वतः हौशी नाचणारी. पोराचा नाच बघून ती म्हणाली, तू फार ताठ आहेस, तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. पोराने खोलीचं दार लावून घेतलं आणि सराव सुरू केला. हार्लेममध्ये तेव्हा नाचघरांची एक उतरंडच होती. पोरसवदा मंडळी अल्हाम्ब्रामध्ये जायची, तिथे पाय बसला की रेनेसान्समध्ये, आणि छातीत पुरेसा दम आला की सॅव्हॉयमध्ये. प्राथमिक शाळा, हायस्कूल, कॉलेज अशीच ही रचना होती असं फ्रँकी सांगायचे. कुणी आखून दिलेली नव्हती, पण प्रत्येक पोराला आपण कुठल्या इयत्तेत आहोत ते ठाऊक असायचं.

सॅव्हॉयमध्ये हर्बर्ट व्हाइट, म्हणजे ‘व्हाइटी’, हा दारावरचा दांडगा गडी. त्याने होतकरू पोरं हेरून चमू बांधला, तोच पुढे ‘व्हाइटीज लिंडी हॉपर्स’ म्हणून गाजला. दिवसा फरशी मोकळी असायची, तेव्हा या मुलांना फुकट सराव करता यायचा. समोर बँडची तालीम चालू. सॅव्हॉयचा घरचा बँड म्हणजे चिक वेब यांचा. असा वाद्यवृंद समोर असताना सोळा वर्षांचा मुलगा पाऊल टाकायला शिकतो तेव्हा त्याला ताल मोजावा लागत नाही.

व्हाइटीची बाजू मात्र काळीपांढरी आहे. त्याने मुलांना मंच दिला, दौरे दिले, हॉलिवूड दाखवलं, आणि पैशातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवला. नॉर्माबाईंनी हे पुढे उघडपणे सांगितलं. गुरुजन म्हणून ज्यांचं नाव घेतो त्यांनीच पोरांच्या श्रमावर हात मारला असेल तर तेही त्याच पानावर लिहायला हवं.

याच चमूत १९३५ साली फ्रँकी आणि फ्रिडा वॉशिंग्टन यांनी पहिली ‘एअर स्टेप’, म्हणजे जोडीदारणीला हवेत उचलण्याची चाल, केली. तेव्हाचा दादा नर्तक ‘शॉर्टी’ जॉर्ज स्नोडेन याच्यासोबत बिग बी नावाची त्याच्यापेक्षा कितीतरी उंच जोडीदारीण होती. खेळ संपताना ती त्याला पाठीवर घेऊन निघून जायची आणि हशा पिकायचा. फ्रँकीने त्यावर विचार केला: नुसतं पाठीवर घ्यायचं कशाला, पाठीवरून पलीकडे उलटी घालवून जोडीदारणीला तालावर पायांवर उतरवता आलं तर? दोघांनी गादी अंथरून दिवसचे दिवस सराव केला. मग सॅव्हॉयमधल्या सामन्यात, चिक वेब यांच्या बँडवर, स्नोडेनच्या जोड्यांसमोर ती चाल टाकली. ज्येष्ठाच्या खेळातून नव्याने काय उचललं आणि कुठे वळवलं, हे इतकं उघड दिसणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

सॅव्हॉयचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, म्हणून इथे थांबते. १९२६ साली सॅव्हॉय उघडलं तेव्हा तिथे वाजवणाऱ्या ‘सॅव्हॉय बेअरकॅट्स’ या बँडचे म्होरके होते व्हायोलिनवादक लिऑन ॲबी. हेच ॲबी १९३५ साली आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. ज्या बाजावर हार्लेम नाचलं तो वाजवणारे हात अपोलो बंदरावर येऊन गेलेत.

स्विंग-आउट, जवळून

लिंडी हॉपचा कणा म्हणजे स्विंग-आउट. आठ मात्रांचा एक फेर. दोघं जवळ असतात, मग एका हाताच्या पकडीवर ती लांब जाते, हात पुरता ताणला जातो, आणि त्या ताणातूनच दोघं पुन्हा जवळ येतात. पुस्तकात एवढंच लिहिता येतं. खरी गंमत त्या ताणलेल्या क्षणात आहे. हात नुसता लांब केला तर काहीच होत नाही, ओढला तर खांदा दुखतो. दोघांनी आपापलं वजन किंचित मागे टाकलं की मधला हात रबरासारखा जिवंत होतो, आणि त्या लांबलेल्या अर्ध्या मात्रेत तिला जे करायचं ते करायला मोकळीक मिळते. कुणी टाच फिरवते, कुणी थांबते, कुणी त्याच्याकडे बघून हसते. तो ते बघतो आणि पुढचा फेर त्यावर बेततो.

हे व्हिडिओवरून शिकताना पाय बरोबर पडतात. वजन मागे किती टाकायचं ते कळत नाही. १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटात व्हाइटीच्या चमूचा जो नाच आहे तो आजही थक्क करतो, जगभरचे विद्यार्थी तो चौकट-चौकट थांबवून बघतात. त्यात हे नर्तक स्वयंपाकी, मोलकरीण अशा नोकरांच्या कपड्यांत आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या थिएटरांना नको असेल तर कथेला धक्का न लावता कापून टाकता येतील, अशा रीतीने कृष्णवर्णीय कलाकारांचे नाच तेव्हा चित्रपटांत घालायचे. चित्रफितीने पावलं राखली. त्या पोरांना कुणी कसं वागवलं, ती कुणाकडून शिकली आणि शिकलेलं कुणाला दिलं, हे त्या फितीत नाही.

तुटलं कुठे

महायुद्ध आलं, पोरं सैन्यात गेली. फ्रँकीही गेले. १९४३ मध्ये पोलिसांच्या तक्रारीवरून सॅव्हॉय काही महिने बंद ठेवलं गेलं. कारण अनैतिकतेचं दाखवलं, पण तिथे गोरे आणि काळे एकत्र नाचतात हे डोळ्यांत सलत होतं, असं हार्लेमच्या लोकांचं ठाम मत होतं. नंतर नाचण्याच्या जागांवर जबर कर बसला, मोठे बँड परवडेनासे झाले, जॅझने वळण बदललं. फ्रँकींनी ‘काँगारूज’ हा छोटा चमू काढून १९५५ पर्यंत निभावलं आणि मग टपाल खात्यात नोकरी धरली. पुढची तीसेक वर्षं ते टपालातच होते. नॉर्मा मिलर यांनी आपला चमू चालू ठेवला. फ्रँकींचा मुलगा चॅझ यंग त्या चमूत नाचला. बापाकडचं मुलाकडे नॉर्माबाईंच्या हातून गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि १९५८ ला छप्परच गेलं.

मामा लूंनी काय केलं

‘हार्वेस्ट मून बॉल’ ही ‘डेली न्यूज’ या वर्तमानपत्राने १९३५ साली सुरू केलेली हौशी नर्तकांची स्पर्धा. अंतिम फेरी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायची. वॉल्ट्झ, टँगो वगैरे प्रकारांसोबत लिंडी हॉपचाही एक गट असायचा आणि त्यात सॅव्हॉयच्या जोड्या पहिल्या वर्षापासून बाजी मारत आल्या. सॅव्हॉय नसेल तर त्या गटात हार्लेमचं कोण जाणार? ब्युकॅनन यांची काळजी अगदी व्यवहारातली होती, आणि म्हणूनच मला ती मोठी वाटते. त्यांनी ‘वारसा जपा’ असं मोघम सांगितलं नाही. अमुक स्पर्धा आहे, तिथे आपली पोरं दिसली पाहिजेत, असं सांगितलं.

मामा लूंनी वस्तीतली मुलंमुली गोळा केली. त्यांतल्या कित्येकांनी सॅव्हॉय आतून बघितलेलंही नव्हतं. त्यांना लिंडी हॉप आणि त्याच्या आधीचे कृष्णवर्णीय समाजाचे नाच शिकवले, स्पर्धेला उभं केलं, चमू बांधून युरोपात नेलं. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर हार्वेस्ट मूनच्या नावाने स्पर्धाही भरवल्या.

इथे प्रकरणाचा गाभा आहे. १९६० आणि ७० च्या दशकात हार्लेममधल्या सोळा वर्षांच्या पोराला आजोबांच्या काळातला नाच का शिकावासा वाटेल? रेडिओवर सोल आणि फंक आहे, रस्त्यावर नागरी हक्कांची चळवळ आहे, काही वर्षांत ब्रॉन्क्समध्ये हिप-हॉप उगवणार आहे. ‘ही आपली परंपरा आहे’ एवढ्यावर कुणी येत नाही. मामा लूंकडे मुलांना तीन गोष्टी मिळत होत्या: पोचायचं एक ठिकाण, म्हणजे स्पर्धेची तारीख आणि गार्डनचा मंच. सोबतीला बरोबरीची पोरं. आणि लक्ष ठेवणारी एक मोठी बाई, जी नाचाबरोबर तुमच्या वागण्याकडेही बघते. सॅव्हॉयच्या पोरांना हेच तिन्ही मिळालं होतं, फक्त पाटी वेगळी.

नाच मात्र जसाच्या तसा राहिला नाही. मामा लूंच्या पोरांचा लिंडी वेगवान, उसळता, कसरतीचा होता. १९८० च्या दशकात युरोपातून आलेल्या शिकाऊ मंडळींना १९३० च्या चित्रफितींमधला नाच हवा होता, त्यामुळे हार्लेममध्ये समोर दिसणारा जिवंत नाच काहींना ‘अस्सल’ वाटला नाही. ही चूक समजण्यासारखी आहे, पण चूकच आहे. फ्रँकींनी स्नोडेनची चाल उलटवली तेव्हा तेही जुन्याला धरून राहिले नव्हते. एका समाजाचा नाच त्या समाजाच्या पोरांच्या अंगात बदलत गेला तर त्याला मोडतोड म्हणायचं, आणि दूरदेशी कुणी फितीवरून हुबेहूब उतरवला तर जतन म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

गाठ पडली तेव्हा

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेमच्या ‘स्मॉल्स पॅराडाइज’मध्ये सोमवारी रात्री मोठा बँड वाजायचा. सॅव्हॉयचे जुने नाचणारे तिथे यायचे, मामा लूंची मंडळी यायची, आणि हळूहळू शहराच्या इतर भागांतले गोरे हौशी लोकही यायला लागले. मला या खोलीचं फार अप्रूप आहे. साठीचे, तिशीचे आणि विशीचे एकाच फरशीवर, त्यात परके नवखेही. लिंडी मेला म्हणतात त्या काळात हे चालू होतं.

१९८४ मध्ये स्वीडनचे काही नर्तक न्यूयॉर्कला आले, त्यांनी व्हाइटीच्या चमूतले अल मिन्स यांना गाठलं आणि स्टॉकहोमला शिकवायला नेलं. अल मिन्स पुढच्याच वर्षी गेले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल यांनी टेलिफोनच्या पुस्तकातून फ्रँकी मॅनिंग यांचा पत्ता लावला. सत्तरी ओलांडलेले फ्रँकी पुन्हा शिकवू लागले. १९८९ पासून ते स्वीडनमधल्या हेरँग गावच्या उन्हाळी शिबिरात जाऊ लागले. त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ या प्रयोगाच्या नृत्यरचनेसाठी त्यांना इतरांसोबत टोनी पुरस्कार मिळाला. २००९ साली, पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला जेमतेम महिना उरला असताना ते गेले. त्यांचा जन्मदिवस, २६ मे, आज जगभर लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो.

फ्रँकींनी जे दिलं त्याला तोड नाही, आणि ज्या परदेशी लोकांनी त्यांना मानाने बोलावलं त्यांचे उपकारही खरे आहेत. पण परिणाम काय झाला बघा. हा नाच शिबिरांत राहायला गेला. शिबिराला विमानाचं तिकीट लागतं, आठवडाभराची रजा लागते, हजारो रुपयांची फी लागते. शेकडो नाचणाऱ्यांच्या त्या मांडवात कृष्णवर्णीय चेहरे बोटांवर मोजण्याइतके. भिंतीवर फ्रँकींचा फोटो, आणि खोलीत त्यांच्या वस्तीतलं कुणी नाही. एखाद्या काळ्या मुलीने दारातून आत डोकावलं तर तिला पहिल्यांदा वाटतं की हे आपलं नव्हे.

मामा लू १९९० मध्ये गेल्या तेव्हा त्यांच्यामागे इमारत नव्हती, निधी नव्हता. सगळं एका बाईच्या अंगावर उभं होतं, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी कच्ची बाजू हीच. पोरं तयार झाली, पण ज्या चौकटीत पुढची पोरं तयार व्हावीत ती चौकट त्यांच्यासोबत गेली. दोष त्यांचा नाही. हार्लेममध्ये नाच शिकवणाऱ्या बाईला पैसे द्यावेत असं ज्यांना वाटायला हवं होतं, त्यांना वाटलं नाही.

सध्या

फ्रँकींच्या नावाने प्रतिष्ठान निघालं, ते तरुण नर्तकांना शिष्यवृत्त्या देतं. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकेत जे उसळलं त्यात स्विंग मंडळींनाही आरशात बघावं लागलं, आणि त्याच वर्षी ‘ब्लॅक लिंडी हॉपर्स फंड’ उभा राहिला. लाटाशा बार्न्स या हाउस, म्हणजे क्लबमधल्या हाउस संगीतावरच्या नाचातल्या नावाजलेल्या नर्तकी लिंडीकडे वळल्या, तेव्हा त्यांनी हाउस, हिप-हॉप आणि लिंडी एकाच अंगाचे अवयव आहेत हे मंचावर दाखवलं. ‘द जॅझ कंटिन्युअम’ हा त्यांचा २०२१ चा प्रयोग याच विचाराचा. कृष्णवर्णीय पोराला ‘तुझ्या अंगात हे आधीच आहे’ असं दाखवून सुरुवात करता येते, हा रस्ता मला शिष्यवृत्तीपेक्षाही लांब पल्ल्याचा वाटतो. शिष्यवृत्ती पोराला शिबिरात आणते. शिबिरात त्याला विचारणारं माणूस कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

वॉशिंग्टनमध्ये हँड डान्स, शिकागोत स्टेपिंग, असे लिंडीचे नातलग नाच कृष्णवर्णीय वस्त्यांत आजही चालू आहेत, आणि तिथे आजी-आजोबा अजून फरशीवर आहेत. लिंडीच्या शिक्षकांनी तिथे जाऊन नुसतं बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

२६ मे २००२ ला, फ्रँकींच्या वाढदिवशी, सॅव्हॉयच्या जागेवर स्मृतिफलक बसला. फ्रँकी आणि नॉर्मा दोघांनी मिळून तो उघडला. त्या रस्त्याने गेलात तर गृहसंकुलाशेजारी तो दिसेल. मामा लूंकडे १९८० च्या आगेमागे विशीत शिकलेली पोरं आज साठीच्या पलीकडे गेली आहेत. त्यांतले काही अजून नाचतात, काही शिकवतात. फ्रँकींना शोधायला टेलिफोनचं पुस्तक उघडलं होतं. यांना शोधायला तेवढंही करावं लागणार नाही, फोन केला की येतील. वर्ग कुठे, किती वाजता आणि मानधन किती, एवढं कुणीतरी सांगायचं आहे.